आमची वाटचाल : बत्तीस ओळी

माझे आजोबा नगरला छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवता जुळवता ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे. लॉस एंजेलिसला आल्यावर मीही छपाईचंच छोटं दुकान काढलं. सुरुवातीला मेनूकार्डं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका. मग मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चच्या एका मंडळीकडून, म्हणजे तिथल्या भक्तसमुदायाकडून, रविवारच्या उपासनापत्रिकेचं काम आलं.

त्यांची गोष्ट मला मजकूर लावताना कळली. या चर्चचे संस्थापक ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. समलिंगी म्हणून त्यांना मंडळी सोडावी लागली. ६ ऑक्टोबर १९६८ला हंटिंग्टन पार्कमधल्या आपल्या घरी, बैठकीच्या खोलीत त्यांनी उपासना घेतली. बारा माणसं आली. १९७१मध्ये मंडळीची स्वतःची इमारत झाली, जानेवारी १९७३मध्ये ती जळाली. मंडळी मात्र टिकली, देशोदेशी पसरली.

त्या पत्रिकेत प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं, आमंत्रण होतं : मेजाशी येण्यासाठी या किंवा कुठल्याही मंडळीचं सभासद असायची गरज नाही. प्रूफ हातात धरून मी थांबलोच. टिळकांनी १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही, हे आजोबांनी किती वेळा सांगितलं होतं! हे आमंत्रण मला परकं वाटेना.

हे काम घेतलं म्हणून एका जुन्या गिऱ्हाइकाने हिशेब मिटवून टाकला. दुकानाचं निम्मं भाडं त्या गिऱ्हाइकाच्याच कामातून निघायचं. दोन दिवस घरात कोणी फारसं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पत्नीच म्हणाली, “पत्रिका शुक्रवारी द्यायच्यात ना? मग कागद मागवा.” त्यानंतर हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा निघाला नाही.

जूनमधलं काम मी कोणावर सोपवत नाही. २४ जून १९७३ला न्यू ऑर्लिन्सच्या अपस्टेअर्स लाउंज या समलिंगींच्या बारला आग लागली आणि ३२ जण गेले. याच चर्चच्या तिथल्या मंडळीचे पाळक बिल लार्सन त्यांतच होते. काही चर्चनी मृतांच्या अंत्यविधीला दारं उघडली नाहीत. आम्ही छापतो त्या स्मरणपत्रिकेत २९ नावं असतात. उरलेल्या तिघांची ओळख तेव्हा पटली नव्हती, म्हणून त्यांच्या जागी नुसत्या तीन ओळी आखलेल्या असतात. एकदा आमच्याकडच्या नव्या मुलाने चूक समजून त्या काढल्या आणि खालचा मजकूर वर सरकवला. मी मशीन थांबवून त्या परत घातल्या.

आता छपाईआधी बोट ठेवून मीच मोजतो. बत्तीस.