व्हर्नवीचा हात

आईला वेल्समध्ये न्यायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती. "डोंगर चढायला लावू नकोस गं." तसा चढायचा काही नव्हताच. आम्ही लिव्हरपूलला राहतो. तिथून गाडीनं दोनेक तासांवर व्हर्नवी नावाचं तळं आहे आणि तिथल्या जंगलात एक हात उभा आहे. जमिनीतून मनगट वर आलंय आणि पंजा आभाळाकडे उघडलाय. उंची 50 फूट.

हा हात म्हणजे मुळात एक झाड. डग्लस फर, सरळसोट सुचिपर्णी. उंची 209 फूट, अख्ख्या वेल्समध्ये त्याच्याहून उंच झाड नव्हतं. 2011 मध्ये वादळानं त्याची मोडतोड झाली. इतकं उंच झाड कलंडलं तर काय होईल या भीतीनं ते उतरवायचं ठरलं. पण वनखात्यानं बुंधा मुळापासून काढला नाही. त्यातून काहीतरी घडवायला सायमन ओरूर्क या लाकूड-शिल्पकाराला बोलावलं.

ओरूर्क कोरतो ते मुख्यतः चेनसॉनं. लाकूडतोडे वापरतात तीच घरघरणारी साखळीची करवत. आपल्याकडे सुतार पटाशी आणि हातोडी घेऊन बसतो, त्यामुळे असल्या दांडगट हत्यारातून नख आणि तळव्याच्या रेषा कशा निघतात याचं मला फार कुतूहल होतं. बुंध्याभोवती आधी परांची बांधली. तिच्यावर उभं राहून वरून खाली काम. मातीच्या मूर्तीला चुकलं तर माती लावता येते, इथे गेलं ते गेलं. गंमत म्हणजे बुंधा पाचही बोटांना पुरेना! अंगठा आणि करंगळीसाठी वेगळे तुकडे जोडावे लागले. आम्ही खाली उभे राहून सांधा शोधत होतो. आईला तो आधी सापडला असं तिचं म्हणणं.

आता हातच का? तर या भागातल्या उंच फर वृक्षांच्या झाडीला 'जायंट्स ऑफ व्हर्नवी' म्हणतात. 'जायंट'ला मराठीत काय म्हणावं इथे मी अडले. आईला सांगताना सरळ म्हटलं, "राक्षसाचा हात." ती लगेच म्हणाली, "राक्षस असा हात पसरतो होय? हा काहीतरी मागतोय."

खरं तर वेल्सचे हे महाकाय आपल्या राक्षसांसारखे नाहीतच. इथल्या पुराणकथांत त्यांच्यात राजेही आहेत. स्नोडन हे वेल्सचं सर्वांत उंच शिखर. रिटा नावाच्या महाकायाचं ते थडगं मानतात. डोंगराचं वेल्श नाव 'अर् विद्व्हा', त्याचा अर्थच थडग्याचा ढिगारा. आणि ब्रान नावाचा राजा तर असा प्रचंड की त्याला सामावेल असं घर नव्हतं. बहिणीला सासरी छळलं म्हणून तो समुद्र तुडवत आयर्लंडला गेला. तिथे नदीवर पूल नव्हता, तेव्हा स्वतः आडवा झाला आणि सैन्य त्याच्या पाठीवरून पार झालं. 'जो शीर्षस्थानी आहे त्यानं पूल व्हावं' ही वेल्श म्हण त्यातलीच. गाडीत ही गोष्ट ऐकून आई म्हणाली, "म्हणजे सेतूच की. फक्त वानरांऐवजी राजा आडवा पडला." बहिणीच्या छळाचा भाग तिला जास्त पटला होता, मामांचा विषय निघाला.

परतताना आम्ही धरणाच्या भिंतीवरून गेलो. तिच्या माथ्यावरून रस्ताच आहे. व्हर्नवी हे नैसर्गिक तळं नाही, हे मी आईला तोवर सांगितलं नव्हतं. लिव्हरपूल वाढलं, पाणी कमी पडू लागलं, म्हणून शहराच्या नगरपालिकेनं वेल्समधली ही दरी धरली. 1881 ला काम सुरू, 1888 ला भिंत पुरी. दरीत ल्लानूदिन नावाचं गाव होतं. (हा 'ल्ल' म्हणायला जीभ दातांमागे टेकवून कडेनं हवा सोडायची. चार वर्षं झाली, मला अजून जमत नाही.) त्या गावात चर्च, दोन चॅपेल, तीन पब, 10 वाडे शेतकऱ्यांचे आणि 37 घरं. सगळं पाण्याखाली. दफनभूमीतले अवशेषसुद्धा उकरून नव्या चर्चजवळ नेले. कडक उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या भिंतींचे चौथरे दिसतात, आपल्याकडे उजनीच्या पाण्यातून पळसदेवचं देऊळ वर येतं तसे. आणि इथलं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर लांब नेलेलं, लिव्हरपूलला. आम्ही तेच पितो.

आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. ती आठ-नऊ वर्षांची असताना कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, भरू लागला. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही. एवढंच सांगते की निघायच्या दिवशी आजीनं घर सारवलं होतं.

भिंतीवर गाडी थांबवता येत नाही, म्हणून पुढे जाऊन थांबलो. तळ्यात पाणी घेणारा एक उंच दगडी मनोरा आहे, परीकथेतल्या किल्ल्यासारखा. नवऱ्यानं त्याचे खंडीभर फोटो काढले. आई पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या झाडाचं वय काय होतं?"

मी अंदाज सांगितला, सव्वाशेच्या आसपास.

"म्हणजे धरणाच्याच वेळचं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी 'पुरातन वृक्ष' वगैरे समजून चालले होते. डग्लस फर मुळात इथली नाहीच. तिचं बी 1827 मध्ये उत्तर अमेरिकेतून ब्रिटनमध्ये आलं. म्हणजे ज्या झाडाचा पुराणातला हात झाला ते परदेशी, आणि गाव बुडालं त्याच सुमाराचं. हात कोरणाऱ्यानं तो गावासाठी कोरलेला नाही. झाडानं आभाळाकडे घेतलेली शेवटची झेप त्याला दाखवायची होती. पण आईच्या शेजारी उभं राहून मला तो पाण्यातूनच वर आलेला वाटू लागला, त्याला मी काय करू?

लाकूड शेवटी लाकूड. तेलाचा हात मारला तरी ऊन-पाऊस लागायचाच. आताच मनगटावर उभ्या भेगा आहेत. आईनं एका भेगेत बोट घालून पाहिलं होतं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिनं हाताचा फोटो मामाला पाठवायला सांगितला. "नुसता हाताचा. मला नको त्यात." मी खाली धरणाचं आणि गावाचं दोन ओळीत लिहिलं. मामा रायगडात असतो, पुनर्वसन तिथे झालं. दहा मिनिटांत त्याचा मेसेज आला. हाताबद्दल एक शब्द नाही.

"मग गाव कुठं वसवलं त्यांचं?"

"भिंतीच्या खालीच. दगडी घरं बांधून दिली," मी लिहिलं.

"खालीच? नशीबवान."

आईला वाचून दाखवलं. ती नळाखाली तांब्या धरून उभी होती.