शनिवारची दुपार

आज दुपारी दोननंतर गोव्यातल्या कुंडईच्या आमच्या वर्कशॉपमधली सगळी मशीन्स बंद ठेवली आणि सातही जणांना टेबलाभोवती बसवलं. गेल्या महिन्यात बुशांचा, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या धातूच्या नळ्यांचा, एक अख्खा लॉट परत आला होता, बोअर (आतलं भोक) मोठं झालं म्हणून. ज्याच्या हातून झालं तो मुलगा दोन दिवस मान वर करत नव्हता. पण व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं सरकत्या पट्टीचं साधन, कसा वाचायचा, हे आम्ही त्याला कधी बसून शिकवलंच नव्हतं. चूक माझी होती.

मेस्त्रींनी फळ्यावर मोठी पट्टी काढली. मुख्य पट्टीवर 24, व्हर्नियरची सतरावी रेघ जुळते. एका रेघेचे 0.02 मिलिमीटर. सत्तरीहून रोज कदंबाच्या बसने येणारी आमची मुलगी ओठातल्या ओठात गुणाकार करत होती. मग हळूच म्हणाली, "24.34." मेस्त्री इतके खूश झाले की चहा त्यांनीच सांगितला!

हे शिकवणं काही नियमाखातर नाही. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले 2 टक्के समाजकामावर खर्च करण्याचा नियम आमच्यासारख्यांना लागूच नाही. त्यासाठी निव्वळ नफाच 5 कोटी हवा, नाहीतर 1000 कोटींची उलाढाल किंवा 500 कोटींचं नेटवर्थ. शिवाय फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरतही नाहीत. नसू दे. ही मुलं उद्या वेर्ण्याच्या मोठ्या कारखान्यात गेली तरी मला चालेल, आनंदच होईल. हातात काम घेऊन जातील.

पुढच्या शनिवारी मायक्रोमीटर, त्याहून बारीक मापाचं साधन. वह्या मीच आणणार आहे.