आमची वाटचाल : एन्ट्री फी किती ठेवायची हे आम्ही कसं शिकलो

आम्ही म्हणजे मी आणि माझी ताई, दोघांचीच फर्म आहे. आधी नुसती कार्ड गेम्स, बोर्ड गेम्स विकायचो, मग गिऱ्हाईकंच मागे लागली की टूर्नामेंट घ्या ना, म्हणून घ्यायला लागलो. आणि तेव्हापासून आमच्यात जेवढी भांडणं झालीत त्यातली निम्मी एकाच गोष्टीवरून, एन्ट्री फी किती ठेवायची.

पैशांचे आकडे मी इथे देणार नाही कारण ते दरवर्षी बदलतात आणि प्रत्येकाचे वेगळे असतात. आमच्याकडे सगळा हिशोब पॅकमध्ये चालतो. मॅजिक द गॅदरिंग, १९९३ पासून चालू असलेला कार्ड गेम, त्याचा एक बूस्टर पॅक, म्हणजे आत कुठली कार्डं निघतील हे माहीत नसलेलं बंद पाकीट, हे आमचं चलन. हॉलचं भाडं किती पॅक, जज्जचं मानधन किती पॅक, असं. ऐकायला येडपट वाटतं पण खेळणाऱ्याला लगेच कळतं.

पहिली टूर्नामेंट ड्राफ्टची होती. ड्राफ्टमध्ये साधारण आठ-आठ जण गोल बसतात, प्रत्येकाकडे तीन पॅक, एक फोडायचा, एक कार्ड ठेवायचं, बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची, संपला की पुढचा, आणि जमलेल्यातून चाळीस कार्डांचा डेक बनवून खेळायचं. म्हणजे माणशी तीन पॅक तर गेलेच. हॉल, जज्ज, टेबलं, प्रिंटिंग सगळं मिळून २४ पॅकचा खर्च. बक्षिसं आम्ही मोठ्या रुबाबात आधीच जाहीर केली, एकूण २४ पॅक. आणि येतील किती, तर मी म्हटलं २४ जण आरामात येतील, सगळे तर विचारत होते. मग फी बसली माणशी पाच पॅक. तीन ड्राफ्टचे, एक हॉल-बिलचा, एक बक्षिसाचा. एकदम गोल हिशोब!

आले १६.

जमा झाले ८० पॅक, गेले ९६. २४ हॉल-जज्ज, ४८ ड्राफ्ट, २४ बक्षीस. सोळा पॅकची खोट आणि वर दिवसभर उभं राहून पाय दुखले ते वेगळंच. ताई रात्री वही घेऊन बसली होती, काही बोलली नाही, फक्त '२४ जण' या शब्दाभोवती तिने पेनाने दोनदा गोल केला. तो गोल मला अजून आठवतो.

त्यातून पहिली गोष्ट शिकलो ती ही की फी आपल्याला हवेत तेवढ्या लोकांवर काढायची नाही, वाईट दिवशीसुद्धा जेवढे येतातच तेवढ्यांवर काढायची. आमचा तो आकडा १६. आणि बक्षीस आधीच ठोकून द्यायचं नाही, माणशी एक पॅक बक्षिसात जाईल असं सांगायचं, जेवढे येतील तेवढं बक्षीस. मग हिशोब झाला २४ भागिले १६ म्हणजे दीड, अधिक तीन, अधिक एक, साडेपाच पॅक. अर्ध्या पॅकने फी वाढली तर लोक ओरडतील असं वाटलं होतं, एकही बोलला नाही.

बोलले ते वेगळ्याच गोष्टीवर. आमचा एक नेहमीचा गिऱ्हाईक होता, खेळतो बेताचा पण आला नाही असं कधी होत नसे. तो एका टूर्नामेंटमध्ये पहिले दोन राउंड हरला आणि डेक गुंडाळून निघाला. मी म्हटलं, अरे, अजून दोन राउंड आहेत की. तो म्हणाला, "आता कशाला दादा, मिळणार तर काही नाहीये." खरं होतं त्याचं. आम्ही निम्मं बक्षीस पहिल्या नंबरला, उरलेलं दुसऱ्या-तिसऱ्याला असं वाटत होतो. म्हणजे सोळांपैकी तेरा जण तिघांच्या बक्षिसाचे पैसे भरत होते. आणि ते तिघं दर वेळी साधारण तेच.

आता इथे स्विस पद्धतीचं जरा सांगतो, कारण फीचं कोडं आमचं तिथेच सुटलं. स्विसमध्ये कोणी बाद होत नाही, दर राउंडला जवळपास सारखे जिंकलेले एकमेकांसमोर येतात. बुद्धिबळात ही पद्धत १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली. १६ जण, चार राउंड, ड्रॉ झाला नाही तर शेवटी ठरलेलंच चित्र दिसतं : एक जण चारही जिंकलेला, चौघे तीन जिंकलेले, सहा जण दोन, चौघे एक आणि एक बिचारा शून्य. म्हणजे बक्षीस नंबरावर न देता जिंकलेल्या मॅचवर दिलं तर आधीच माहीत असतं किती लागणार. आम्ही ठरवलं चार जिंकले तर चार पॅक, तीनला दोन, दोनला एक. ४ अधिक ८ अधिक ६, झाले १८. जमा सोळा, वरचे दोन आमच्याकडून. अकरा जणांच्या हातात काहीतरी पडतं आणि शेवटच्या राउंडला एक जिंकून दोन हरलेला माणूसही जीव तोडून खेळतो, कारण जिंकला तर पॅक आहे. चांगले खेळणारे दोघं जरा कुरकुरले, पहिल्याचं बक्षीस घटलं म्हणून. कुरकुरू देत, तरी येतात.

मग ताईचा प्रश्न आला. "अरे, यात आपला दिवस कुठंय?" मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे जज्जला देतो, हॉलला देतो, तू आणि मी सकाळपासून रात्रीपर्यंत इथे, ते कुणाच्या खात्यात?" इतके दिवस धरलंच नव्हतं हो! हौसेच्या धंद्यात हे फार होतं, स्वतःला मजुरी मागायची लाज वाटते, आणि मग दोन वर्षांनी माणूस कंटाळून बंद करतो, त्यात खेळणाऱ्यांचंच नुकसान. दोघांचे मिळून आठ पॅक धरले. खर्च ३२, सोळांत दोन-दोन, फी सहा पॅक. तेव्हापासून तेवढीच आहे. वीस जण आले तर थोडं उरतं, ते पुढच्या वेळच्या बक्षिसात टाकतो, सगळं नाही पण निम्मं तरी.

एकदा फुकट ठेवून पाहिलं होतं, फी शून्य. नावं भरभरून आली, माणसं निम्मीसुद्धा नाही. फी आगाऊ घ्यायला लागलो तशी ही कटकट संपली. दोन दिवस आधी कळवलं तर पूर्ण परत, नंतर नाही, कारण तोवर टेबलं सांगून झालेली असतात.

मिनिएचरवाल्यांना, म्हणजे टेबलावर छोटे पुतळे मांडून लढाई खेळणाऱ्यांना, हे गणित जसंच्या तसं लावता येत नाही, तीही चूक करून झाली. वॉरहॅमर या त्यांच्या गेमची एक मॅच सहज तीन तास चालते, दिवसात तीन झाल्या की सगळे गळून जातात, आणि दोन माणसांना एक आख्खं टेबल आणि त्यावर भिंती, पडकी घरं, सगळा टेरेन लागतो. तिथे माणसं वाढली की खर्चही वाढतो, दोन माणसांमागे एक टेबल. कार्डवाल्यांच्या फीवर त्यांची टूर्नामेंट घेतली आणि टेरेन रंगवण्यातच सगळं गेलं.

एक कॉलेजचा पोरगा काउंटरवर सुटे मोजत उभा होता, दोनदा मोजले, कमीच पडले. हळूच म्हणाला, डेक माझा मी आणतो, पॅक नकोत, कमी फीमध्ये खेळू द्याल? ड्राफ्टमध्ये ते कसं जमणार. पण त्याच्यामुळे महिन्यातून एक टूर्नामेंट आपापला डेक आणून खेळायची सुरू झाली, ड्राफ्टचे तीन पॅक नाहीत, म्हणून फी बरोबर निम्मी. गर्दी तिलाच जास्त होते आता.

एकाने मध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं की एवढी फी घेता, जाते कुठे. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण ताईने वहीचं पान प्रिंट काढून दारावर लावलं, हॉल किती, जज्ज किती, आम्ही दोघं किती. आता दर वेळी लावतो. लोक आमच्या आठ पॅकवर बोट ठेवतात आणि म्हणतात, एवढंच?

उरला प्रश्न विषम आकड्याचा. सतरा जण आले की एकाला बाय मिळतो, म्हणजे जिंकल्याचे पॉइंट मिळतात पण पन्नास मिनिटं नुसतं बसायचं, फी भरून. त्यावर आमचा उपाय साधा आहे, अठरावी खुर्ची माझी. फी नाही, बक्षीस नाही, जिंकलो तरी मोजायचं नाही. परवा त्यातच चारही मॅच जिंकलो आणि कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.