टाकी काठोकाठ, तरी दिवा म्हणतो ‘पाणी भरा’

ओट्यावरच्या छोट्या आइस मेकरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत सफाईला जेमतेम चार ओळी असतात. लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवा, काढून टाका, साध्या पाण्याने धुवा, पुसा. चारही बरोबर. पाचवी कुणी छापलेलीच नाही आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. म्हणून आधीच सांगते, पार्टी शनिवारी असेल तर सफाई बुधवारी उरका.

सफाईत फार काही नाही. टोपली काढायची, ड्रेनचं बूच उघडून जुनं पाणी सोडायचं. १ लिटर कोमट पाण्यात एक सपाट मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवून टाकीत ओतायचं. सफाईचं बटण असेल तर ते दाबायचं, नसेल तर बर्फाच्या दोन-तीन फेऱ्या याच पाण्यावर काढून तो बर्फ फेकायचा. मग साध्या पाण्याने तीनदा खळखळून काढायचं. क्षारांचा थर जुना असेल तर चमचे वाढवू नका, हेच पुन्हा एकदा करा. बर्फ ज्यांच्याभोवती धरतो ती धातूची बोटं बहुतेक यंत्रांत तांब्याची असतात आणि त्यांवर निकेलचा मुलामा असतो. कडक आम्लात रात्रभर भिजवली, सुरीने खरवडली किंवा तारेच्या घासणीने घासली, की मुलामा सुटतो आणि त्याचे कण सरबतात उतरतात.

आता पाचवी ओळ.

सगळं झालं, टाकी भरली, बटण दाबलं. पंप घरघरला आणि मिनिटभरात ‘पाणी भरा’चा लाल दिवा लागला. पाणी डोळ्यांसमोर काठोकाठ! सर्व्हिसवाल्यांना फोन केला, तर यंत्र न बघताच निदान मिळालं: “पंप गेला, बदलावा लागेल, माणूस चार दिवसांनी येईल.” पार्टी दोन दिवसांवर. पंपाला काहीही झालेलं नव्हतं. हा संताप अजून उतरलेला नाही.

झालं होतं ते असं. पंप टाकीतलं पाणी वरच्या ट्रेमध्ये चढवतो, बोटं त्यात बुडतात, त्यांच्याभोवती बर्फ धरतो. उरलेलं पाणी ट्रे कलंडला की परत टाकीत पडतं. गोठताना पाणी आपले क्षार बाहेर टाकतं, त्यामुळे टाकीतलं उरलेलं पाणी प्रत्येक फेरीगणिक जड होत जातं. त्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर दोन महिन्यांत आतून पांढरा थर बसतो. लिंबूसत्त्व हा सगळाच थर विरघळवत नाही. जाड असेल तिथे तो सुटतो, खपल्या होतात आणि वाहत वाहत पंपाच्या तोंडावरच्या जाळीत जाऊन बसतात. वर पाणी चढत नाही, यंत्र समजतं टाकी रिकामी. म्हणजे दिवा लागतो तो सफाई केल्यामुळेच.

उपाय दहा मिनिटांचा. प्लग काढा, टाकी रिकामी करा. टाकीच्या तळाशी एका कोपऱ्यात नखाएवढी जाळी किंवा स्पंजचा तुकडा दिसेल, तो निघत असेल तर काढून नळाखाली धुवा. निघत नसेल तर मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिच्यात कोमट पाणी भरून जाळीवर तिरका फवारा मारा, मग तोंड जाळीला टेकवून दट्ट्या मागे ओढा. माझ्या सिरिंजमध्ये अंड्याच्या कवचासारखी पातळ, पांढरी खपली आली. तिसऱ्या ओढीला आणखी दोन. त्या खपल्या निघाल्या आणि नव्या पंपाची किंमत वाचली.

एवढं करूनही दिवा लागला तर बहुधा पंपात हवा अडकली आहे. कोरड्या टाकीत पाणी ओतलं की हे बऱ्याचदा होतं. टाकी खुणेपर्यंत भरून बटण चार-पाच वेळा चालू-बंद करा, दर वेळी मिनिटभर पंप चालू द्या. घरघर बदलून आवाज जड झाला, की पाणी चढलं समजा. कॉम्प्रेसर एकदा सुरू होऊन बंद पडला असेल तर मात्र पाच मिनिटं थांबल्याशिवाय परत चालू करू नका. पाणी काढताना यंत्र फार आडवं केलं असेल तर निदान दोन तास सरळ उभं ठेवून मगच सुरू करा.

हे राहिलंच: लिंबूसत्त्वाआधी किंवा नंतर ब्लीच वापरू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आणि अडकलेला बर्फ टोकदार वस्तूने टोचू नका. बऱ्याच नव्या यंत्रांच्या थंडावा देणाऱ्या नळ्यांत आर-६००ए वायू असतो, नळीला भोक पडलं तर तो बाहेर येतो आणि तो पेट घेणारा आहे.

‘बर्फ भरला’चा दिवा टोपली रिकामी असताना लागला, तर टोपलीच्या वर बाजूला असलेले सेन्सरचे डोळे ओल्या फडक्याने पुसा. गॅलरीत ऊन थेट आत येत असलं तरी ते फसतात. यंत्र सावलीत ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर.

बर्फाचा हिशेब आधी मांडा. माझं यंत्र एका फेरीत ९ तुकडे देतं, मिळून साधारण ६० ग्रॅम. मे महिन्यात फेरीला दहा मिनिटं धरा, म्हणजे तासाला ३५० ग्रॅमच्या आसपास. खोक्यावर दिवसाला १२ किलो लिहिलेलं असलं तरी उन्हाळ्यात आठवर खूश राहा. पन्हं, कोकम आणि बाकीच्यांची ‘सोय’ धरून पंचवीस माणसांना १० किलो लागतो. आम्ही दोन दिवस आधीपासून काढत गेलो. टोपली थंड नसते, तिच्यात ठेवलेला बर्फ वितळून परत टाकीतच जातो. म्हणून भरली की लगेच झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, पातळ थरात. तासाभराने पिशवी एकदा हलवली की ढेकूळ होत नाही. सफाईनंतरच्या पहिल्या तीन फेऱ्या आंबट लागतात, त्या कुंडीत न टाकता मोरीत टाका.

पाणी आरओचं वापरा आणि रोज बदला. पार्टी संपल्यावर बूच उघडून टाकी निथळू द्या आणि झाकण रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी आधी कुबट वास काढावा लागतो.