खरजासाठी पत्रा

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात अण्णांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पाण्याखाली राहिला. चिखल काढून झाल्यावर मी तो उघडला. लाकडी पेटी फुगून तिचे थर सुटले होते, शासी गंजली होती, पण ईएल८४ हा आवाज वाढवणारा व्हॉल्व्ह काचेच्या आत शाबूत होता. व्हॉल्व्हचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र संपला होता. केसाएवढी तार हिरवी पडून तुटली होती आणि स्टॅम्पिंगच्या पत्त्या (यांच्या थप्पीलाच कोर म्हणतात, तार तिच्याभोवती गुंडाळतात) गंजाने एकमेकींना चिकटल्या होत्या.

अण्णांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी भरल्या. मी त्यांच्याच दुकानात वाइंडिंग शिकले. त्या वाचलेल्या व्हॉल्व्हवर लहानसा अँप्लिफायर करायचा आणि अण्णांना त्यावर मिरजेचा तानपुरा ऐकवायचा, एवढंच मनात होतं. तानपुरा मीच रेकॉर्ड केला होता, मिरजेत एका कारागिराच्या माडीवर, जवारी लावून झाल्या झाल्या. पट्टी काळी एक. म्हणजे जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि खरज, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९ला. रेडिओतल्या जुन्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून हा ६९चा मूळ स्वर जवळजवळ येतच नसे. वरच्या स्वरांवरून कान तो भरून काढतो, त्यामुळे खरज ऐकला असं वाटतं, पण त्याचं वजन जाणवत नाही. मला ते वजन हवं होतं.

पहिला ट्रान्सफॉर्मर मी चुकीचा बांधला. घरात स्टॅबिलायझरची अर्धा मिलिमीटर जाडीची साधी सीआरएनजीओ (कण एका दिशेला न लावलेल्या सिलिकॉन पोलादाची) स्टॅम्पिंग पडली होती, तीच घेतली. हाताच्या सवयीने एक ई-आकाराची पत्ती इकडून, एक तिकडून अशी उलटसुलट भरली. मेन्स ट्रान्सफॉर्मर असाच भरतात. पण एकाच व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यातून) सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, वाहतो, ईएल८४ला २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर. उलटसुलट भरलेल्या कोरमध्ये सांध्याला फट उरत नाही, त्यामुळे एवढा डीसीसुद्धा लोखंडाला एका बाजूला ढकलून चुंबकत्वाने गच्च भरून टाकतो. मग सिग्नलला हलायला जागा कुठली? खरज आला तो घसा बसल्यासारखा.

म्हणून कोणी मला कोरसाठी सगळ्यात चांगला माल कोणता विचारलं, तर मी आधी विचारते, डीसी किती आहे आणि फेरे किती? माझा हिशेब इथे मांडते. प्रायमरीला ३७ गेजचे ३००० फेरे, सेकंडरीला (स्पीकरकडच्या वेटोळ्याला) १२०. म्हणजे २५ला १, ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५००० ओहमचा दिसतो. कोरची जीभ (मधला पाय) एक इंच, थप्पी सव्वा इंच. ३००० फेरे गुणिले ०.०४८ म्हणजे १४४ अँपिअर-टर्न. सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय (सरळ पत्त्या) दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ०.१ मिलिमीटरचा कागद. चुंबकीय वाट ही फट दोनदा ओलांडते, म्हणून गॅप ०.२ धरायचा. लोखंडाचा स्वतःचा विरोध मिळवला की नुसत्या डीसीने कोर पाऊण टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकत्वाच्या दाटीचं माप) आसपास जाऊन बसतो. वर ५ वॉटचा सिग्नल ४० हर्ट्झला आणखी सुमारे ०.४ टेस्ला मागतो. बेरीज १.२च्या घरात.

आता माल बघा. ऐंशी टक्के निकेलचं मिश्रधातूचं स्टॅम्पिंग ०.८ टेस्लाच्या अलीकडेपलीकडेच भरतं. या कामात डीसीच त्याला खाऊन टाकेल. आणि गॅप ठेवल्यावर इंडक्टन्स (तो जास्त, तितका खालचा स्वर नीट येतो) बहुतेक फटच ठरवते, मग निकेलच्या, चुंबकत्व सहज वाहू देणाऱ्या अफाट पर्मिअ‍ॅबिलिटीचे पैसे कागदाच्या तुकड्यात बुडतात. साधी सीआरएनजीओ १.२ला काठावर येते. सीआरजीओ १.६पर्यंत निवांत चालते. १९३४ साली नॉर्मन गॉस यांनी पेटंट घेतलेली हीच ती पद्धत: लाटून आणि भाजून सिलिकॉन पोलादाचे कण एका दिशेला लावायचे. मी हाच पत्रा घ्यायचं ठरवलं.

पण सीआरजीओ म्हटलं की झालं, असंही नाही. कुपवाडच्या एका भंगारवाल्याकडे डीपीतून निघालेला सीआरजीओचा पत्रा स्वस्तात मिळाला. तो मी कात्रीने कापला आणि ऐरणीवर ठोकून सरळ केला. अण्णा खाटेवरून बघत होते.

"पोरी, ठोकू नकोस गं त्याला. मार खाल्लेला पत्रा मुका होतो."

खरंच मुका झाला. ठोकल्याने, वाकवल्याने आत ताण राहतो आणि कण एका दिशेला लावल्याचा फायदाच जातो. तो परत आणायला सुमारे ८०० अंशांवर, हवा लागू न देता भट्टी द्यावी लागते. शिवाय कापलेल्या कडांना बारीक धार उभी राहते, ती शेजारच्या पत्तीला टेकते, वार्निशचा थर फोडते आणि पत्त्या आपसात शॉर्ट होतात. शेवटी ०.२७ मिलिमीटरचं नवं, भाजलेलं एम४ प्रतीच्या सीआरजीओचं स्टॅम्पिंग मागवलं. ई-आय आकारात मधल्या पायात चुंबकीय रेषा कणांच्या दिशेने जातात, पण ईच्या आडव्या पाठीत त्यांना कण आडवे छेदावे लागतात. पट्टी गुंडाळून केलेल्या सी-कोरमध्ये ही अडचण नाही. पण तो मला हवा त्या मापात मिळाला नाही.

अमॉर्फसचाही, म्हणजे आत कणांची रचनाच नसलेल्या मिश्रधातूच्या पत्र्याचाही, विचार केला होता. भरण्याची मर्यादा १.५६ टेस्ला, म्हणजे पुरेशी. पण तो पत्रा चुंबकत्वाने बराच ताणला-आकसला जातो, ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणू लागतो. तानपुऱ्याशेजारी मला दुसरा गवई नको होता.

निकेलबद्दल मात्र माझं मत पुश-पुलच्या, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात त्या अँप्लिफायरच्या, वेळी बदलतं. तिथे दोन व्हॉल्व्हचा डीसी एकमेकांना मारतो, गॅप लागत नाही. पण अगदी हळू आवाजात सिलिकॉन पोलाद आळशी असतं. मी त्या पहिल्या, बिनगॅपच्या थप्पीवर डीसी न देता मोजून पाहिलं. प्रायमरीला ५० हर्ट्झचे २ व्होल्ट दिले, करंट मोजला, त्यावरून इंडक्टन्स काढला. मग १०० व्होल्ट दिले. १०० व्होल्टला जवळजवळ तिप्पट निघाला. म्हणजे तानपुरा विरत जातो, नेमका तेव्हाच कोर त्याचा खरज सोडून देतो. निकेल तिथे जागं राहतं. काही कारागीर सिलिकॉनच्या थप्पीत निकेलच्या पत्त्या मिसळतात ते याचसाठी, मोठ्या आवाजाला पोलाद आणि लहान आवाजाला निकेल. गॅपच्या थप्पीत हाच प्रयोग केला तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. एकाच व्हॉल्व्हचा अँप्लिफायर हळू आवाजात इतका भरीव का लागतो, त्याचं मला पटलेलं एक कारण हे.

एम४ची थप्पी भरली. अण्णांनी स्वतः कागद कापला, त्यांचे हात आता थरथरतात, तरी कडा सरळ आली. क्लॅम्पचे बोल्ट मी सैलच ठेवले, रेकॉर्डिंग लावलं आणि पाना हळूहळू फिरवत गेले. बोल्ट आवळला की कागद दबतो, गॅप कमी होतो, इंडक्टन्स वाढतो, पण डीसीची भीतीही वाढते. एका जागी खरज खोलीच्या फरशीतून आल्यासारखा उभा राहिला. अण्णांनी डोळे मिटले होते. म्हणाले, "बास. हितंच ठेव." मी बोल्टवर रंगाचा ठिपका लावला आणि दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर वार्निशमध्ये बुडवला.