दोषी ठरला ना, मग आता त्याची कसली चौकशी? तुम्ही विचारलंत म्हणून

मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाची शिक्षा सुनावायच्या आधी कोर्टाने माहिती मागवली तर चौकशीला मी जाते, आणि हे कळलं की लग्नात असो की एसटीत, प्रश्न ठरलेला, कोर्टाने दोषी धरलं ना, मग आता त्याच्या घरी जाऊन काय विचारता, सूट मिळवून द्यायची आहे का त्याला? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते.

सूट वगैरे काही नाही. प्रोबेशनवर सोडायचा कायदा 1958 चा आहे, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे तो चालतच नाही. पोक्सो म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, त्यातल्या गंभीर अत्याचाराच्या कलम 6 मध्ये 2019 च्या दुरुस्तीपासून कमीत कमी 20 वर्षं आहेत, त्याच्या खाली न्यायाधीशांनाही जाता येत नाही. पण 20 वर्षं, मरेपर्यंत जेल आणि फाशी यांच्यात केवढं अंतर आहे, ते ठरवायचं कशावरून? शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं ऐकून घ्यायचं हे कायद्यात आहेच, आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 235 होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 258 आहे, फक्त बऱ्याचदा ते ऐकणं म्हणजे वकील साहेब उभे राहतात, म्हातारे आईवडील आहेत, कमावणारा एकटाच आहे, दया व्हावी, झालं, संपलं. 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खुनाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीपर्यंत जाऊ शकणाऱ्या केसमध्ये माणसाचं बालपण, शिक्षण, घरची परिस्थिती, मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक हे सगळं कोर्टासमोर यायलाच हवं. ते कुणीतरी दारोदार फिरून गोळा करावं लागतं.

आता घरी गेल्यावर काय होतं ते सांगते. तापीकाठचं गाव, केळीचा पट्टा, दारात गेलं की आई आधी चहा ठेवते आणि मग पिशवीतून कागद काढते. सरपंचांच्या लेटरहेडवर "सदर इसम सरळमार्गी असून त्याची वर्तणूक चांगली आहे", खाली गोल शिक्का, तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांचं तसंच एक पत्र, सप्त्यात पखवाज घेऊन बसलेला फोटो. आणि आई एकच वाक्य परत परत म्हणते, "मना पोऱ्या तसा नही शे, ताई." मी तिला थांबवत नाही, कारण आई आहे ती आणि तिचं जग बुडालेलं असतं. पण त्या दाखल्यांचं वजन माझ्या रिपोर्टमध्ये फार नसतं. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे वर्षानुवर्षं तेच सांगतायत की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो, शेजारी, नातेवाईक, घरात येणारा जाणारा. चांगला माणूस म्हणून नाव होतं म्हणूनच तर पोर त्याच्याकडे बिनधास्त पाठवली होती! मग गावाने चांगला म्हटल्याने काय सिद्ध होतं?

मला हवं असतं ते वेगळंच. शाळा कधी सुटली आणि का सुटली, लहानपणी ऊसतोडीला गुजरातकडे नेलं होतं का, याच्या स्वतःच्या अंगावर कुणी हात टाकला होता का, दारू कधीपासून, बायकोशी कसा वागायचा, आधी कुणाची कुरबूर होती का जी भावकीने दाबली. एकदा निघताना शेजारची एक बाई वट्यावरून हळूच म्हणाली, "आम्हले माहीत व्हतं, पण कोण बोली?" ऐकीव गोष्ट मी सिद्ध झाली म्हणून लिहूच शकत नाही, ऐकीव म्हणूनच लिहिते, पण त्या दिवशी फार राग आला होता.

जेलमध्ये भेटायला गेले की बहुतेक जण "चूक झाली मॅडम, दारूत होतो" इथून सुरुवात करतात आणि मग किती वर्षं लागतील, जमीन कोण कसेल, अपील होईल का. एकाशी तासभर बोलले, त्या तासाभरात मुलीचं नाव सोडा, तिला काही झालं असेल एवढंही तोंडातून निघालं नाही. मी तसंच लिहिलं, संपूर्ण बोलण्यात पीडितेचा उल्लेख आला नाही. आणि दुसरा एक, त्याला रडता रडता बोलता येईना, तेही लिहिलं. मला रडण्याची कीव आली म्हणून नाही, तो जे कबूल करत होता ते निकालात होतं त्याच्याशी जुळत होतं म्हणून. सुधारणेची शक्यता म्हणतात ती मला अशाच गोष्टींत दिसते.

तडजोडीचं तर विचारूच नका. "दोन्ही पार्ट्यांचं मिटलंय, तेवढं लिहा" हे मोठमोठी माणसं फोनवर सांगतात. 2013 च्या शिंभू विरुद्ध हरियाणा निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की बलात्काराच्या केसमध्ये तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही. मिटलं म्हणजे मुलीच्या बापाला कुणी काय दिलं किंवा कसली भीती घातली, हे मला चांगलं माहीत आहे.

नंदुरबारच्या डोंगरातल्या केसेस मात्र निराळ्या, पोरगी सतरा वर्षांची, पोरगा विसाचा, दोघं पळून गेलेले, मूल झालेलं, आणि पोक्सो सगळ्यांना सारखाच. पश्चिम बंगालच्या अशाच एका केसमध्ये हायकोर्टाने सोडून दिलेल्या आरोपीला सुप्रीम कोर्टाने 2024 ला पुन्हा दोषी धरलं, पण शिक्षा ठरवण्याआधी तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीला काय हवंय, तिच्यावर काय गुजरलंय ते विचारून घेतलं, आणि मे 2025 मध्ये राज्यघटनेचं कलम 142, म्हणजे पूर्ण न्यायासाठीचा खास अधिकार, वापरून त्याला शिक्षाच द्यायची नाही असं ठरवलं. माझं भांडण इथेच आहे. तिथे मुलीची चौकशी झाली, आमच्याकडे मागवतात ती बहुतेक फक्त त्याची. पीडित मुलगी त्याच गल्लीत राहते का, तो सुटून आल्यावर तिला रोज त्याच्या दारावरून शाळेत जावं लागेल का, तिचं घर टिकून आहे का, हे कुणी विचारलं नसलं तरी मी शेवटच्या पानावर लिहितेच. कुणी अजून हरकत घेतलेली नाही.

आणि तुमच्या गावात आमच्यापैकी कुणी चौकशीला आलं, तर कुणी पुढे केलेल्या कोऱ्या दाखल्यावर सही करू नका, जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच बोला.