तुम्ही विचारलंत म्हणून : जोकर वरच राहिला, त्याचं काय?

सुपरहिरोंच्या सिनेमांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, ‘‘तो २००८चा ‘द डार्क नाइट’ खरंच एवढा भारी आहे का हो?’’ आहे. पण मी पुढे ‘पण’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

चौकशीच्या खोलीतला प्रसंग आठवा. अंधारात पोलीस अधिकारी गॉर्डन आणि खलनायक जोकर समोरासमोर. गॉर्डन उठून जातो, भक्कन दिवे लागतात, तर बॅटमन जोकरच्या पाठीशी उभा! मग तो बडव बडव बडवतो आणि जोकर हसत सुटतो. मारणाऱ्याच्या हातात आता दुसरं काही उरलेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जोकर झालेल्या हीथ लेजरची ती सारखी ओठांवरून फिरणारी जीभ, तोंडावरच्या व्रणांची दर वेळी वेगळी कहाणी... सिनेमा लागण्याच्या सहा महिने आधीच लेजर गेला. ऑस्कर मिळालं ते मरणोत्तर. पाठलागात ट्रक उलटतो तोही खराखुरा, शिकागोच्या रस्त्यावर उलटवलेला. त्याचं वजन बघतानाच जाणवतं.

आता ‘पण’. सरकारी वकील हार्वी डेंटला शोधत जोकर पार्टीत घुसतो, डेंटची मैत्रीण रेचलला खिडकीबाहेर सोडून देतो. बॅटमन तिच्यामागे उडी घेतो, दोघं खाली गाडीवर आदळतात, वाचतात. छान. आणि वर? बंदुका घेतलेली माणसं आणि जोकर पाहुण्यांच्या गराड्यात तसेच उभे! सिनेमा सरळ पुढच्या प्रसंगावर जातो.

हाच जोकर हॉस्पिटलात डेंटला सांगतो की, मी काही बेत आखणारा माणूस नाही. अहो, सुरुवातीच्या दरोड्यात याची स्कूलबस बँकेतून निघून बरोब्बर इतर स्कूलबसच्या रांगेत शिरते! तो खोटंच बोलतोय, असं काही जण म्हणतात. असेलही, पण मग सेकंदासेकंदाला जुळून येणाऱ्या या बेतांना अराजक कसं म्हणायचं? सरळमार्गी डेंटची खुनशी होण्यापर्यंतची घसरण तर १५२ मिनिटांच्या सिनेमात शेवटी घाईघाईने उरकली आहे. रेचल सिनेमात आहे ती मरण्यापुरतीच. बॅटमनच्या घोगऱ्या आवाजाबद्दल न बोललेलं बरं.

एवढं सगळं मोजून दाखवतोय खरं, पण पार्टीतला तो घोळ माझ्या लक्षात आला तिसऱ्यांदा बघताना. पहिल्या दोन्ही वेळी मी लेजरकडेच बघत होतो.